नाकाचं आढं

प्रश्न:

डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, सांगलीत डिप्लोमा करतो. नववीत असताना कबड्डीच्या मॅचमध्ये समोरच्याचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. घोळणा फुटला, बर्फ लावला, रक्त थांबलं. दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. दोन दिवसांनी दोन्ही नाकपुड्या गच्च बंद झाल्या, नाक लाल झालं, ताप भरला. गोळ्या-इंजेक्शनं झाली. आठवड्यानं नाकातून घाण आली आणि त्याला मोकळं वाटलं. पुढच्या सहा-आठ महिन्यांत मात्र नाकाचा मधला भाग हळूहळू खाली बसत गेला. आता मधे खड्डा आणि शेंडा वर उचललेला, असं दिसतं. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. नाक मोकळं करायचे थेंब दिवसातून चार-पाच वेळा घालतो, दोन वर्षं झाली. एका सौंदर्य-केंद्रात म्हणाले, इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात खड्डा भरून देतो. ओळखीच्या एकांनी सिलिकॉनची पट्टी बसवायला सांगितलं. ह्यांचं म्हणणं, पोरगा आहे, नाकाकडे कोण बघतंय. आणि जाऊबाई हळूच म्हणाल्या, असं नाक महारोगात बसतं, एकदा तपासून घ्या. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. शाळेच्या संघाचा फोटो त्यानं भिंतीवरून काढून कपाटात टाकलाय. तेव्हा माझं काही चुकलं का? आणि आता काय करू?

एक आई, तासगाव तालुका

उत्तर:

ताई,

सौंदर्य-केंद्रात वेळ घेऊन ठेवली असेल तर ती आधी रद्द करा. बाकीचं सावकाश बोलू. पाच वर्षं गेली आहेत, अजून पाच महिने गेले तरी काही बिघडणार नाही. त्या इंजेक्शननं मात्र बिघडू शकतं. का, ते पुढे येईलच.

आधी झालं काय ते समजून घ्या. आपल्याकडे नाकाची कुठलीही तक्रार असो, "हाड वाढलंय" म्हटलं की निकाल लागला. खरं तर नाकात हाड थोडंच असतं. चष्मा जिथे टेकतो तो वरचा एक तृतीयांश भाग हाडाचा. तिथून बोटानं चाचपत खाली या. हाड संपतं आणि दाबलं की किंचित लवणारं काहीतरी लागतं. ती कूर्चा, कानाला आकार देते तसलीच. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग हा या कूर्चेचाच पातळ पत्रा, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. नाकाचा खालचा सगळा डोलारा त्या पत्र्यावर उभा असतो.

जुनं कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. भिंती असतात, वासे असतात, कौलं असतात, पण छपराचा उतार टिकतो तो आढ्यामुळे, म्हणजे माथ्यावरच्या आडव्या लाकडामुळे, आणि आढं टिकतं ते मेढीमुळे, म्हणजे त्याखालच्या उभ्या खांबामुळे. नाकात पडद्याची वरची कड म्हणजे आढं आणि शेंड्याकडून ओठाकडे उतरणारी पुढची कड म्हणजे मेढ. पडद्याचं ऑपरेशन करताना आम्ही मधला वाकडा भाग काढतो, पण या दोन कडांना निदान एकेक सेंटिमीटर रुंदीची पट्टी शाबूत ठेवतो. ती ठेवली नाही, तर काही काळानं नाक खचतं. माझ्या उमेदवारीच्या काळात अशी जुन्या ऑपरेशननंतर बसलेली नाकं ओपीडीत बरीच दिसत. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच काम सुरीऐवजी साकळलेल्या रक्तानं केलं.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेलं जे अस्तर असतं, त्यातून झिरपेल त्यावर ती जगते. कोपर बसलं तेव्हा अस्तर आणि कूर्चा यांच्या मधे रक्त साचलं असणार. बाहेर वाहिलं ते थांबलं, आत साचलं ते कुणाला दिसलं नाही. अस्तर कूर्चेपासून सुटलं की तिचा शिधाच बंद होतो. पहिल्या २४ तासांतच तिची पडझड सुरू होते, आणि साचलेलं रक्त दोन-तीन दिवसांत नासून पू झाला तर तो कूर्चा अक्षरशः विरघळवून टाकतो. आठवड्यानं जी "घाण" आली आणि मुलाला मोकळं वाटलं, ती तो पू होता. आढं त्याच्याबरोबर वाहून गेलं. मग आत जखमेचा व्रण धरत गेला, व्रण आकसतो, आणि आकसताना त्यानं वरची कातडी खाली ओढली. म्हणून नाक एका दिवसात न बसता सहा-आठ महिन्यांत बसलं. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा हा आकार, म्हणून आमच्या भाषेत याला खोगीर नाकच म्हणतात.

आता तुमचा प्रश्न, माझं चुकलं का. नाही. तुम्ही मुलाला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, औषधं दिली. आईनं करायचं ते सगळं तुम्ही केलं. चूक कुठे झाली असेल तर ती एक्स-रेवर विसंबण्यात. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही आणि तिच्यावर साचलेलं रक्तही दिसत नाही. त्यासाठी नाकाचा शेंडा अंगठ्यानं वर उचलून, आत बॅटरीचा उजेड टाकून बघावं लागतं, एवढंच. ते त्या दिवशी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा, कुणीतरी करायला हवं होतं.

हे मी इथे जरा लांबवतेय, कारण हे सदर वाचणाऱ्या कितीतरी घरांत कबड्डी, क्रिकेट, सायकल असणारच. मार लागल्यावर नाक बाहेरून सुजणं, डोळ्यांखाली काळंनिळं होणं हे चालतं, ते ओसरतं. पण मार लागून एक-दोन दिवसांनी दोन्ही नाकपुड्या बंद होत चालल्या, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, शेंड्याला हात लावू देईना, तर सकाळची वाट बघू नका. आत उजेड टाकला तर मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना तांबूस-जांभळा मऊ फुगवटा दिसतो. नाक मोकळं करायचे थेंब घालूनही तो बसत नाही. ही रात्री दोनला उठून नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जायची वेळ. लहानशी चीर देऊन रक्त काढायचं, दोन्ही बाजूंनी बोळे घालून अस्तर पुन्हा कूर्चेला चिकटवायचं, प्रतिजैविक द्यायचं. काम छोटं, पण ते वेळेत झालं तर पुढचं हे सगळं रामायण टळतं. पू झाल्यावरही काढावा लागतोच, कारण नाकाच्या शिरांमधून संसर्ग मेंदूकडे जाऊ शकतो. नुसत्या गोळ्यांवर तो भागवू नये. तुमचं पोर त्यातून धडधाकट बाहेर आलं, हे त्याचं नशीब.

जाऊबाईंचं बोलणं. त्या खोटं बोलल्या नाहीत. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतू नाकाच्या आतल्या अस्तरात भरपूर वाढतात. नाक चोंदतं, खपल्या धरतात, रक्त येतं, आणि उपचार झाले नाहीत तर पडदा आणि शेंड्याखालचा हाडाचा छोटा टेकू झिजून नाक बसतं. आपल्या आजी-पणजीच्या पिढीनं बसलेलं नाक बघितलं ते बहुधा असंच, म्हणून ती भीती भाषेत राहिली. पण तुमच्या मुलाची गोष्ट कोपरापासून सुरू होते आणि तिच्यातला प्रत्येक टप्पा एकमेकाला जुळतो. तरी मनातली शंका मनात ठेवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा: अंगावर बधिर चट्टा आहे का, कोपराजवळचा मज्जातंतू जाड लागतो का, एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात. निघालाच समजा, तर औषध मोफत मिळतं आणि तो बरा होतो. जावेवर रागावू मात्र नका. शंका आली तर कुजबुजण्यापेक्षा तोंडावर सांगितली, हे त्यातल्या त्यात बरं.

जाता जाता एक. कुष्ठरोगानं बसलेली नाकं उभी करण्याचं मोठं काम आपल्या मुंबईतच झालं. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. नोशिर अंतिया हे इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आले होते. गिलीज यांनी दाखवून दिलं होतं की अशा नाकाची बाहेरची कातडी पुरेशी असते, आकसलेलं असतं ते आतलं अस्तर. आत नवं अस्तर दिल्याशिवाय वरून कितीही ओढा, नाक परत खाली येणार. हे वाक्य लक्षात असू द्या, इंजेक्शनवाल्यांकडे परत येऊ तेव्हा लागेल.

मार लागल्याची आठवणच नसताना ज्यांचं नाक बसलंय, त्यांच्यासाठी इथे थांबते. हा भाग तुमच्या मुलाचा नाही, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचा आहे. काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वर्षभर सर्दी हटत नव्हती, नाकात मोठाल्या खपल्या, मधूनमधून रक्त, एका कानानं ऐकू कमी. तीन महिन्यांत नाकाचा मधला भाग खचला होता. त्यांना हवं होतं ऑपरेशन, घरात लग्न होतं. मी लघवी तपासायला सांगितली, तर त्या हसल्या: नाकाला काय झालंय आणि ह्या लघवी बघतायत. लघवीत रक्त निघालं. आजार नाकाचा नव्हताच, शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा होता. तो नाक, फुप्फुसं आणि मूत्रपिंड या तिन्हींवर चालून येतो. पूर्वी त्याला वेगेनर यांचं नाव होतं, आता जीपीए म्हणतात. अँका नावाची रक्ततपासणी आणि नाकातला छोटा तुकडा यांवरून त्याचं निदान होतं. त्यांना आधी संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, मूत्रपिंडं वाचली. नाकाचं ऑपरेशन आजार वर्षभर पूर्ण शांत राहिल्यावरच केलं. त्याआधी केलं असतं तर नवी कूर्चाही त्या आजारानं खाल्ली असती.

कूर्चेलाच सूज आणणारा आणखी एक आजार असतो, त्यात नाकाबरोबर कान लाल होऊन दुखतात, कानाची पाळी मात्र सुटते, कारण तिच्यात कूर्चा नसते. क्षय, जुना उपदंश, नाकात ओढलेलं कोकेन हीही कारणं आहेत. २०२१ च्या काळ्या बुरशीनंतर ज्यांच्या नाकाची-टाळूची हाडं काढावी लागली, त्यांची नाकंही खचली. तात्पर्य इतकंच की कारण सापडेपर्यंत खड्ड्याला हात लावायचा नाही.

परत तुमच्या मुलाकडे. तुमच्या पत्रात मला खटकलं ते खड्ड्यापेक्षा ते थेंब. नाकातून हवा आत जाताना सगळ्यात अरुंद जागा शेंड्यापासून थोडी वर असते. तिथे बाजूची कूर्चा मधल्या पडद्याला जेमतेम १०-१५ अंशांच्या कोनात मिळते. आम्ही तिला नाकाची झडप म्हणतो. आढं खचलं की ही झडप ढिली पडते आणि जोरात श्वास घेतला की बाजूची भिंत आत ओढली जाते. स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढताना स्ट्रॉच्या भिंती चिकटतात, तसं. नळी थोडीशी अरुंद झाली तरी हवेला अडथळा कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून वरून छोटा दिसणारा खड्डा रात्रभर तोंड उघडं ठेवायला लावतो.

घरी एक करून बघा. मुलाला आरशासमोर उभं करा, नाकाच्या बाजूला गालावर बोट ठेवून गाल कानाकडे हलकेच ओढायला सांगा आणि श्वास घ्यायला लावा. एकदम मोकळं वाटलं, तर अडचण झडपेची असण्याचा संभव मोठा. ही ठोस तपासणी नाही, निरोगी माणसालाही थोडं बरं वाटतं. डॉक्टर बारीक काडीनं आतून नेमकी ती भिंत उचलून बघतील आणि दुर्बीण घालून पडदा तपासतील. पडद्याला भोक पडलंय का हेही बघायला हवं. एका नाकपुडीत उजेड टाकला की दुसरीतून दिसतो का, एवढ्यावरही कळतं. श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर त्याचा संशय धरायचा. औषधांच्या दुकानात नाकावर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या रात्री लावून झोप सुधारली तर तेही डॉक्टरांना सांगा. तो इलाज नव्हे, पण ऑपरेशननं काय मिळेल याची झलक त्यातून मिळते.

आता थेंब. झायलोमेटॅझोलिन, ऑक्सिमेटॅझोलिन असल्या नावाचे हे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घालायचे नसतात. पुढे त्यांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब, आणि माणूस बाटली खिशात घेऊन हिंडू लागतो. दोन वर्षं! म्हणजे आज त्याच्या चोंदण्यातला किती वाटा खड्ड्याचा आणि किती थेंबांचा, हे थेंब सोडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. एकदम जमत नसेल तर आधी एका नाकपुडीतले बंद करा, ती आठ-दहा दिवसांत सुटली की दुसरीतले. या काळात डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतील, त्याला घाबरू नका, तो वेगळ्या जातीचा आहे आणि त्याची सवय लागत नाही. सोबत मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. उकळून गार केलेलं ग्लासभर पाणी, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळायचा कंटाळा करू नका, नळाचं तसंच वापरायचं नाही.

आता ते इंजेक्शन. त्यात बहुतेक वेळा हायलुरॉनिक आम्लाची जेल असते. ती खड्ड्यावरच्या कातडीखाली भरतात. खड्डा भरल्यासारखा दिसतो, काही महिने. पण आढं खचलंय आणि तुम्ही कौलांवर चिखल लिंपताय. श्वासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि नाक ही इंजेक्शनसाठी चेहऱ्यावरच्या सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर नाकाची कातडी मरू शकते, क्वचित डोळा जाऊ शकतो. ज्या नाकात आधीच पू होऊन व्रण धरलाय तिथे रक्तवाहिन्या जागेवर नसतात, म्हणजे धोका आणखी. अर्ध्या तासात भरून देतो म्हणणाऱ्याला मी फक्त एवढं विचारीन: शिरेत गेलीच तर ती विरघळवणारं औषध तुमच्या टेबलावर आहे का?

सिलिकॉनची पट्टी त्याहून बरी वाटते, कारण ती निदान टिकते. पण आतलं अस्तर आकसलेलं, आधाराला कूर्चा नाही, वरची कातडी ताणलेली, अशा नाकात परकी वस्तू ठेवली की ती कधीतरी पिकते किंवा कातडी फाडून बाहेर डोकावते. वर्षानंतर, कधी दहा वर्षांनंतरही. त्यातून तुमचा मुलगा कबड्डी खेळणारा.

मग इलाज काय? आढं नवं घालायचं, आणि ते त्याच्याच शरीरातलं. पडद्यातून कूर्चा घ्यावी तर ती उरलेलीच नाही. कानाच्या वाटीतून घेता येते, कानाचा आकारही बदलत नाही, पण ती वाकडी आणि थोडी. लहान खड्ड्याला ती पुरते. तुम्ही वर्णन करताय तशा नाकाला बहुधा बरगडीची कूर्चा लागेल. छातीच्या खालच्या भागात, साधारण सहाव्या-सातव्या बरगडीपाशी, तीन-चार सेंटिमीटरची चीर देऊन ती काढतात. बरगडी म्हटलं की घरातले दचकतात. काढतात ती बरगडीच्या पुढच्या टोकाची मऊ कूर्चा, तीही थोडी. आठ-दहा दिवस हसताना-खोकताना दुखतं, आणि खरं सांगायचं तर पेशंट नाकापेक्षा छातीच्या दुखण्याचीच तक्रार जास्त करतात. त्या कूर्चेतून लांब पट्ट्या कोरून आढं आणि मेढ उभारायची, झडपेच्या दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या पाचरीसारख्या बसवून तो कोन उघडायचा, आकसलेलं अस्तर सोडवून खाली आणायचं, आणि मग वरून आकार. हा क्रम महत्त्वाचा. आधी श्वास, मग आकार. जो सर्जन फक्त खड्ड्याचं बोलतो आणि श्वासाचा प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडून उठून या.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, तीन-चार तासांचं. आठवडाभर नाकावर आधाराची पट्टी, दोन आठवडे डोळ्यांखाली काळंनिळं. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, महिना-दीड महिना चष्म्याचा भार नाकावर नको. सूज बाहेरून लवकर उतरते, पण खरा आकार दिसायला वर्ष लागतं. दुसऱ्या महिन्यात आरशासमोर उभा राहून तो नाराज होईल, त्याची तयारी तुम्ही आत्ताच करून ठेवा. आणि उणं सांगायचं तर: बरगडीची कूर्चा कधी वाकते, कधी थोडी विरते, क्वचित काढताना फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडतं. दहा-पंधरांतल्या एखाद्याला पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांतलं काही चालू असेल (आयांना नेहमीच माहीत नसतं) तर महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर पूर्ण बंद, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि नवी कूर्चा उपाशी राहते.

वयाची काळजी नको, उलट १९ हे वय बरोबर आहे. मधला पडदा हा चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या वाढीचं एक केंद्र असतो, म्हणून मुलांचं असं मोठं काम वाढ पुरी होईपर्यंत सहसा पुढे ढकलतात. चौदाव्या वर्षी पडदा गेल्यानं त्याच्या नाकाची लांबी थोडी कमीच राहिली असेल, शेंडा वर दिसतो तो त्यामुळेही. हे सर्जन मापात धरतील.

"प्लास्टिक सर्जरी" म्हटल्यावर घरात कुणीतरी विचारेलच, नाकात प्लास्टिक घालणार का. तो शब्द घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. आणि हे शहरी थेर आहे असं ह्यांना वाटत असेल तर त्यांना ही हकिकत सांगा. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा-मडकी घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, तेवढी कपाळाची कातडी सोडवून खाली फिरवली, टाके न घालता काताच्या लेपानं चिकटवली, मग तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत कापडाचे बोळे. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे बघितलं, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ते छापून आलं, आणि ते वाचून १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तेच करून दाखवलं. त्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण नाक नुसतं दिसून चालत नाही, आतून उघडं राहावं लागतं, हे त्याला माहीत होतं, आणि सौंदर्य-केंद्राला ठाऊक दिसत नाही.

ह्यांना आणखी एक सांगा. नाकाकडे कोण बघतंय याचं उत्तर, तो स्वतः बघतोय. कपाटात गेलेला फोटो वेगळं काय सांगतो?

खर्चाचं. आरोग्य विमा असेल तर "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" म्हणून दावा नाकारला जाण्याची भीती असते. पण विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमातच अपघातानंतरच्या पुनर्रचनेला त्या नकारातून सूट दिली आहे. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात अपघात, पडद्याचा गळू, श्वासाचा अडथळा आणि दुर्बिणीत काय दिसलं हे सगळं स्पष्ट लिहून घ्या, आणि नववीतले केसपेपर, एक्स-रे, बिलं सापडतील तेवढी शोधा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या. विमा नसेल तर पहिल्यांदा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातला आरोग्यमित्र तुमचं कार्ड बघून सांगेल. खासगीत जाणार असाल तर सर्जनला सरळ विचारा: बरगडीची कूर्चा घालून केलेली नाकं किती, आणि वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

कबड्डी पुन्हा खेळता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विचारेल. पळणं, दंड-बैठका दीड-दोन महिन्यांनी. मैदानावर चढाई निदान सहा महिने नाही, आणि त्यानंतर सर्जनची परवानगी घेऊनच. सीझन बघून तारीख घ्या.

तारीख घ्यायला जाताना कपाटातला तो फोटो बरोबर न्या. मार लागण्याआधीचं नाक कसं होतं, ते सर्जनला मापासाठी लागतं. समोरून काढलेला असेल तर चालेल, पण त्याच वर्षीचा बाजूनं काढलेला एखादा, लग्नातला, वाढदिवसाचा, कुणाच्या मोबाइलमध्ये असला तर तोही शोधून ठेवा.